सक्तीच्या समतेच्या कथा: पिशवीतलं वजन मोजतं कोण?

अबोली (धागाकर्ती)

आमच्या गावात, डिचोली तालुक्यात, महिन्यातून एका शनिवारी देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांना उतरायच्या जागेत) आम्ही दहा-बारा जण जमतो आणि एक कथा मोठ्यानं वाचतो. घरी बोलतो कोंकणीत, वाचतो मराठीत. गोव्यातल्या सदस्यांना यात नवं काही नाही. पुढच्या खेपेला मी कर्ट व्हॉनेगट यांची ‘हॅरिसन बर्जेरॉन’ घेतली आहे. मराठीत उतरवतेय, तिथं वाचण्यापुरतीच. एका शब्दापाशी अडलेय, आणि तो शब्द शोधताना कथेकडे बघायची माझी नजरच बदलली. म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कथा १९६१च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एका विज्ञानकथांच्या मासिकात आली. (आपल्या गोवामुक्तीला तेव्हा दोन महिने होते.) कथेतलं साल २०८१. घटनेत २११, २१२ आणि २१३ क्रमांकाच्या दुरुस्त्या झाल्यात आणि त्यांमुळे सगळी माणसं सगळ्या बाबतींत समान आहेत. कशी? तर ज्याच्याकडे काही जास्त आहे त्याचं ते जास्तीचं झाकून, दाबून, बिघडवून. जॉर्ज बुद्धिमान आहे म्हणून त्याच्या कानात एक छोटा रेडिओ बसवलाय. दर वीस सेकंदांनी सरकार त्यातून कर्कश आवाज सोडतं, म्हणजे विचार पुरा व्हायच्या आत तुटतो. तो बळकटही आहे, म्हणून गळ्यात ४७ पौंड शिशाच्या छर्‍यांची पिशवी, कुलूप लावलेली. म्हणजे २१ किलोंच्या आसपास. २५ किलोंच्या तांदळाच्या पोत्यापेक्षा थोडी हलकी. त्याची बायको हेझल अगदी बेताच्या बुद्धीची, तिला काहीच लावावं लागत नाही. दोघं टीव्हीवर बॅले बघत बसलेत. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन तुरुंगात होता, तो पळतो, थेट टीव्हीच्या स्टुडिओत घुसतो, अंगावरची सगळी ओझी फोडतो, एका नर्तकीला घेऊन नाचतो, आणि या सगळ्या व्यवस्थेची प्रमुख असलेली बाई दुनळी बंदूक घेऊन येते व दोघांना गोळ्या घालते. आई हे बघते, बाप तेव्हा बिअर आणायला स्वयंपाकघरात गेलेला असतो. आणि आई विसरते.

मी ही कथा कॉलेजात वाचली तेव्हा मला तिच्यात फक्त सरकारचा जुलूम दिसला होता. आता भाषांतर करताना एकेका वस्तूचं नाव लिहावं लागतं, आणि तिथं मी थबकले. नर्तकींच्या तोंडावर मुखवटे आहेत, कारण सुंदर चेहरा बघून कुणाला आपला चेहरा कमी वाटू नये. पण लेखक काय लिहितो बघा: एकीचा मुखवटा इतका भयानक कुरूप आहे की त्यावरूनच कळतं, आत विलक्षण सुंदर चेहरा असणार. तिच्या अंगावरची वजनं दोनशे पौंडी गड्याला लावतात तेवढी आहेत, त्यावरून कळतं की ती सगळ्यांत बळकट आणि डौलदार आहे.

म्हणजे मुखवटा झाकत नाही, जाहीर करतो. पिशवीचं वजन म्हणजे त्या माणसाच्या ताकदीचा दाखला झाला. गळ्यात ४७ पौंड घेऊन रस्त्यानं जाणारा माणूस दिसला की बघणार्‍याला कळणार, हा किती जोरकस आहे ते. तुलना संपवायला जी वस्तू आणली, तिच्यावरच तुलनेचा आकडा कोरलेला.

आणि हा आकडा ठरवला कुणी? कुणाच्या अंगात किती बळ, कुणाच्या डोक्यात किती बुद्धी, कुणाचा चेहरा किती देखणा, हे बारकाईनं मोजल्याशिवाय वजन ठरवताच येणार नाही. टीव्हीवर फरारी हॅरिसनचा फोटो दाखवतात तेव्हा त्याच्या मागं फूट-इंचांच्या खुणा आखलेल्या असतात, उंची बरोबर सात फूट. जिथं कुणी कुणाहून उंच नाही असं सांगतात, तिथं सरकारकडं मात्र उंची मोजायची भिंत तयार आहे. मला वाटतं कथेचा खरा काटा इथं आहे. लोकांना तुलना करायला बंदी, आणि एक कार्यालय दिवसभर तेवढंच करतंय.

आता माझी अडचण. त्या कार्यालयाच्या प्रमुख बाईंचं पद इंग्रजीत ‘हँडिकॅपर जनरल’ असं आहे. मराठीत काय म्हणू? ‘अपंग’ या शब्दाच्या जवळपास मला जायचं नाही. तो अर्थही नाही आणि समोर बसलेल्या कुणाला दुखवायचंही नाही. सुचवा. आणि कथेबद्दल तुम्हाला काय वाटतं तेही मोकळेपणी लिहा.

मांडवीकाठ

अबोलीताई, शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे, तिथून सुरुवात करा. काही शर्यतींत चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात. जॉकीच्या वजनात कमी पडेल तेवढं शिसं खोगिरात भरतात, म्हणजे सगळे घोडे शेवटच्या रेषेला जवळजवळ पोचावेत. कुठल्या घोड्याला किती हे ठरवणारा अधिकारी असतो, त्याला हँडिकॅपर म्हणतात. शर्यतीच्या पुस्तिकेत प्रत्येक घोड्यापुढं त्याचं वजन छापलेलं असतं आणि पैसे लावणारे तेच आधी वाचतात, कारण कुठला घोडा किती दमाचा याचा तो अधिकृत अंदाज. तुम्ही पिशवीला दाखला म्हटलं ते म्हणून अगदी बरोबर आहे.

यात आणखी एक आहे. घोड्यावरचं वजन घोड्याच्या भल्यासाठी नसतं. पैजेत रंगत यावी म्हणून असतं. व्हॉनेगटनं माणसांसाठी तोच शब्द वापरला, यातच त्यानं बरंच सांगून टाकलंय.

फोंड्याचो

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कथेचा अर्थ मला सरळ दिसतो. हुशाराला मागं खेचून समता येत नाही. आपल्याकडे आरक्षणात दुसरं काय चाललंय? माझ्या मुलाला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, त्याच्याहून कमी गुणांच्या मुलाला मिळाला. ही कथा वाचताना मला तोच छर्‍यांचा भार आठवला. आमच्या ग्रुपवर ती कथा याच अर्थानं फिरत असते.

खाजन

फोंड्याचो, राग अजिबात नाही. मुलाचं वाईट वाटणारच, बापाला वाटायलाच हवं. पण या कथेचा तो अर्थ मला पटत नाही. थोडं सविस्तर लिहितो.

अंगाला वस्तू बांधून माणसाची जागा ठरवणं ही व्हॉनेगटची कल्पना. आपल्या मराठी मुलखात ती नुसती कल्पना नव्हती, खरोखर घडत होतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचं उच्चाटन’ या न झालेल्या भाषणात लिहिलंय, की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावं लागे, म्हणजे त्याची पावलं मागं पुसली जावीत, आणि गळ्यात मडकं अडकवावं लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. गळ्यात पिशवी आणि गळ्यात मडकं, ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. कथेतलं ओझं समतेच्या नावानं येतं. आपल्या इतिहासातलं ओझं विषमतेच्या नावानं आलं, आणि ते ताकद मोजून दिलं नव्हतं, जन्म बघून दिलं होतं. आपण २०८१ची गोष्ट वाचतो आणि अंगावर शहारे येतात. त्या मडक्याच्या आठवणीनं ते तेवढेच यायला हवेत.

मग आरक्षण म्हणजे काय? मडकं उतरवल्यावर मान वाकलेली राहते, ती सरळ व्हायला दिलेला वेळ. त्यात कुणाच्याही कानात रेडिओ बसवलेला नाही. तुमच्या मुलाची बुद्धी कुणी काढून घेतली नाही. जागा कमी आहेत हे दुःख खरं आहे, पण ते वेगळं दुःख. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते, की २६ जानेवारी १९५०ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरणार आहोत: राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक आयुष्यात विषमता. या धाग्याचा विषयच विसंगती आहे, म्हणून हे वाक्य इथं हवंच.

आता कथेचाच पुढचा प्रवास. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात केसी मार्टिन या गोल्फपटूचा खटला होता. त्याच्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा आजार, चालणं धोक्याचं. स्पर्धेत गाडीतून फिरू द्या एवढीच मागणी. निकाल ७ विरुद्ध २ असा त्याच्या बाजूनं लागला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी शेवटी याच कथेचा दाखला दिला, साल २००१ आणि अखेर सगळे समान झाले, अशा अर्थाचा. ज्याच्या पायात निसर्गानंच छर्‍यांची पिशवी बांधलीय त्या माणसाच्या विरोधात छर्‍यांच्या पिशवीची कथा वापरली गेली!

२००५ला कॅन्ससमध्ये शाळांना समान निधी देण्याच्या वादात वकिलांनी पुन्हा हीच कथा पुढं केली. तेव्हा व्हॉनेगट हयात होते. त्यांनी असहमती दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की आईबाप गरीब म्हणून मुलाला निकृष्ट शिक्षण देणं हेच त्या मुलाच्या गळ्यातलं ओझं आहे.

सांजवात

खाजनदादा, मडक्याचं लिहिलंत, वाचून काही वेळ पुढं वाचवेना.

फोंड्याचो

खाजनबाब, मडक्याची गोष्ट शाळेत वाचली होती, पण या कथेशेजारी ठेवून कधी बघितली नव्हती. प्रवेशाच्या बाबतीत माझं मत लगेच बदलणार नाही, खोटं कशाला सांगू. पण कथेचा उपयोग त्यासाठी करू नये हे पटलं. तरी एक प्रश्न राहतो. हॅरिसन तर नायक आहे ना? त्याला लेखकानं इतका देखणा, इतका जबरदस्त दाखवलाय, तो मरतो तेव्हा वाईट वाटतं. मग लेखक त्याच्याच बाजूचा असणार.

अबोली

भाऊ, तुमच्या प्रश्नासाठी मी तो परिच्छेद पुन्हा शब्दाशब्दानं बघितला. हॅरिसन स्टुडिओत घुसल्यावर, ओझी फोडायच्याही आधी, काय बोलतो? ‘मी सम्राट आहे’, सगळ्यांनी माझं ऐकलंच पाहिजे. मग सम्राज्ञी निवडतो. वादकांची ओझी काढतो आणि सांगतो, उत्तम वाजवा, म्हणजे तुम्हाला सरदार-उमराव करीन. पहिल्यांदा वाजवणं जमत नाही तर दोघांना खुर्चीतून उचलून हवेत फिरवतो. समतेची बेडी तुटून अर्धा मिनिट झालं नाही तोवर राजा, राणी, सरदार, आणि राजाच्या हातात लोंबकळणारी दोन माणसं तयार!

म्हणून मला तो नुसता नायक वाटत नाही. तो चौदा वर्षांचा पोरगा आहे. त्याला माणसांत राहण्याचे दोनच प्रकार शिकवले गेलेत: एकतर सगळ्यांना दाबायचं, नाहीतर सगळ्यांच्या वर बसायचं. तिसरा प्रकार त्यानं पाहिलेलाच नाही. त्याचं मरण मला म्हणूनच जास्त लागतं. पण तो आणि ती नर्तकी नाचत छतापर्यंत, तीस फूट, जातात, ते वर्णन लिहिताना व्हॉनेगटची भाषा बदलते. तेवढा वेळ तो सम्राट नसतो, नाचणारा असतो. भाषांतरात तो परिच्छेद मला अजून साधलेला नाही.

आणि त्या प्रमुख बाईंचं नाव डायना मून ग्लॅम्पर्स. डायना ही रोमन लोकांची चंद्राची आणि शिकारीची देवी. तिच्या अंगावर एकही ओझं असल्याचा उल्लेख नाही, नेम अचूक लागतो. लेखक आधीच सांगून ठेवतो की हेझल तिच्यासारखी दिसते. मी पहिल्यांदा हे वाक्य नुसतं ओलांडून गेले होते. आता वाटतं, आपल्या शेजारच्या खुर्चीत बसलेली, स्वभावानं प्रेमळ, कुणाचं वाईट न चिंतणारी हेझल आणि ती बंदूकवाली यांच्यात चेहर्‍याचा फरक नाही हे सांगायला त्यानं ते लिहिलंय. हेझल तर नवर्‍याला म्हणतेही, घरात असताना थोडे छर्रे काढून ठेव ना. जॉर्जच नाही म्हणतो. एकेका छर्‍याला दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण तो सांगतो: मी काढले तर इतर काढतील, आणि पुन्हा ते स्पर्धेचे काळे दिवस येतील. ज्याच्या मानेला पट्टा रुततोय तोच पट्ट्याची बाजू घेतो.

जुना पणजीकर

मुक्तीच्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो, या हॅरिसनच्याच वयाचा. म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्या लहानपणी वर्तमानपत्र छापण्याआधी सेन्सॉरकडे जायचं. वडील घरातसुद्धा काही विषय निघाले की खिडकी ओढून घेत. म्हणजे आमच्यावर लादलेली होती ती शांतता. या कथेत उलट आहे, लादलेला आहे तो गोंगाट. आणि विचार करताना वाटतं, शांततेत माणूस निदान मनातल्या मनात वाक्य पुरं करू शकतो. जॉर्जला तेही शक्य नाही. टीव्हीवर दार तुटल्याचा आवाज येतो आणि त्याला कळतं, हा आपला हॅरिसन. तेवढ्यात कानात मोटारींच्या टकरीचा आवाज फुटतो आणि ते कळणंच पुसलं जातं. बापाला पोराची ओळख पटायला वीस सेकंदं पुरली नाहीत.

आणि रेडिओवरून आठवलं. १९५५ ते १९६१, सीमेवरच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालवत. कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. आमच्याकडे तो अगदी बारीक आवाजात लागे, वडील कान रेडिओला टेकवून बसत. एक रेडिओ कानाला टेकवून माणसं विचार जोडत होती, आणि त्याच काळात अमेरिकेत एकानं विचार तोडणार्‍या रेडिओची गोष्ट लिहिली. दोन्हींत कान तोच. कथेत एकवीस तोफांच्या सलामीचा आवाजही येतो, जॉर्ज थरथरायला लागतो. सलामी आपण मान द्यायला देतो. तिचा असा वापर वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

अबोली

काका, हे तुम्ही शनिवारी येऊन सांगाल का? पणजीहून आणायची-पोचवायची व्यवस्था आमची.

सांजवात

मला दुसर्‍या एका पुस्तकाबद्दल लिहायचंय, कारण या विषयात बायकांचं काय होतं ते त्यात जास्त उघड आहे. एल. पी. हार्टली यांची ‘फेशियल जस्टिस’, १९६०, म्हणजे व्हॉनेगटच्या कथेच्या एक वर्ष आधीची. तिसर्‍या महायुद्धानंतरचं इंग्लंड. बायकांच्या चेहर्‍यांच्या प्रतवार्‍या ठरल्यात: अल्फा, बीटा, गॅमा. देखणी ती अल्फा, आणि देखणेपणानं दुसरीला मत्सर होतो म्हणून अल्फानं शस्त्रक्रिया करून बीटा व्हायचं, गॅमानंही बीटा व्हायचं. सगळीकडे एकसारखा, गुळगुळीत, कुणाला न खुपणारा चेहरा. नायिका जेएल हिला आपला चेहरा सोडायचा नाही. एका सहलीत अपघात होतो, ती रुग्णालयात शुद्धीवर येते तेव्हा चेहरा बीटा केलेला असतो. तिला विचारलेलंही नाही.

गंमत वाटेल, पण मला हे वाचताना भविष्यकाळ आठवलाच नाही. लग्नासाठी फोटो काढायला नेलं होतं तेव्हाचा स्टुडिओ आठवला. फोटोग्राफरनं रंग उजळवला, गालावरचा तीळ पुसला, आणि घरी सगळे म्हणाले, आता बरी दिसते. मुलाकडच्यांना पाठवलेला तो चेहरा माझा नव्हता. तो बीटा होता. पुस्तकात निदान कायदा तरी होता. माझ्या वेळी कायदा कुठलाच नव्हता, सगळे माझ्यावर प्रेम करणारे होते.

त्या कादंबरीतला हुकूमशहा कुणाला दिसत नाही, फक्त मायेनं बोलणारा त्याचा आवाज ऐकू येतो. आणि शेवटी (पुस्तक वाचायचं असेल त्यांनी ही ओळ सोडावी) कळतं की तो आवाज एका म्हातार्‍या बाईचा आहे. व्हॉनेगटची डायना आठवा, हेझल आठवा. समता लादणारं तोंड दोन्हीकडे बाईचं. हे मला खटकतं. मत्सर म्हटला की बाईच पुढं करायची, ही त्या काळाच्या पुरुष लेखकांची सवय असावी असं मला वाटतं आणि तेही वाचताना बोललं पाहिजे.

मांडवीकाठ

सांजवात, बायकांचा मुद्दा मान्य. मीही हे कधी धरलं नव्हतं.

अबोली

सांजवात, तुम्ही फोटोचं लिहिलंत म्हणून मी हे लिहायचं धाडस करते.

कथेत निवेदकाला बोलताच येत नाही, म्हणून बातमीचा कागद एका नर्तकीकडे देतात. तिचा आवाज इतका सुंदर आहे की ती वाचायला लागते आणि लगेच माफी मागते. मग घसा दाबून, चिरकत वाचते. ही माफी भाषांतरात लिहिताना माझा हात थांबला, कारण ती माफी मी एका मुलीला मागायला लावली आहे.

बरीच वर्षं झाली. मी शिकवत होते त्या शाळेत पंधरा ऑगस्टचं समूहगान बसवत होते. सातवीतली एक मुलगी, आवाज असा की सगळ्या ओळी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. भजनी घरातली होती. मी तिला म्हटलं, ‘बाय, तू हळू म्हण, बाकीच्यांचा आवाज ऐकू येत नाही.’ माझा हेतू वाईट नव्हता. सगळी मुलं ऐकू यावीत असंच मला वाटत होतं. ती लाजली आणि म्हणाली, ‘चुकलं, बाई.’ त्या दिवशी ती फक्त ओठ हलवत होती, मला समोरून दिसत होतं. मी तिला पुढं एक कडवं एकटीला देऊ शकले असते. कमी आवाजाच्या मुलांना चार दिवस जास्त बसवून त्यांचा आवाज वर आणू शकले असते. ते कष्टाचं काम होतं. तिला खाली आणणं एका वाक्याचं काम होतं.

समता आणायचे हे दोन रस्ते आहेत आणि सक्तीच्या समतेच्या सगळ्या कथांत दुसराच घेतलेला दिसतो, कारण तो स्वस्त असतो. ती मुलगी आता कुठं आहे मला ठाऊक नाही. गात असेल तर बरं.

पाटो

यातलं मूळ पुस्तक म्हणजे झाम्यातिन यांचं ‘आम्ही’. १९२०-२१ला रशियात लिहिलेलं, १९२४ला इंग्रजीत आलं, आणि खुद्द रशियात १९८८ला छापलं गेलं. नावांच्या जागी आकडे, एकच गणवेश, काचेची घरं. पण त्यातली मला आवडणारी जागा नाकाची आहे. सगळं समान केल्यावरही नाकं वेगळी राहतात, कुणाचं नकटं, कुणाचं सरळ, आणि निवेदकाला त्याचा त्रास होतो. नाक आहे तोवर मत्सराला कारण उरलंच. हार्टलींनी त्या नाकावरच शस्त्रक्रिया केली म्हणायची.

पेडण्याचो

मुखवट्याबद्दल थोडं. आमच्याकडे काल्याच्या रात्री दशावतारात संकासुर येतो, काळा झगा, तोंड झाकलेलं. तोंड झाकलंय म्हणून तो भटजीला काय वाटेल ते बोलतो आणि सगळं गाव हसतं. कार्निव्हलातही तेच. आपल्या मुखवट्यानं माणसाला तोंड फुटतं. कथेतल्या मुखवट्यानं ते बंद होतं. फरक मला असा वाटतो की संकासुर पहाटे मुखवटा काढून घरी जातो.

कुळागर

समता लादण्याची एक बाजू अजून आली नाही, आणि ती गोव्यात बसून बोलायलाच हवी. आपला वारसा कायदा. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेला, आता २०१२चा आपला स्वतःचा कायदा आहे. बापाला वाटलं म्हणून मुलीला वगळता येत नाही. मालमत्तेचा अर्धा भाग वारसांसाठी राखलेलाच असतो, मृत्युपत्रानं तो हलवता येत नाही, आणि मुलगा-मुलगी समान. ही सक्तीच आहे. आजोबांच्या मनात असतं तर माझ्या आईला काही मिळालं नसतं. तिला जे मिळालं त्यावर मी शिकले.

म्हणून ‘सक्तीची समता’ हे शब्द ऐकले की मी लगेच घाबरत नाही. आधी बघते, सक्ती कशावर आहे. वाट्यावर आहे की माणसावर? कायद्यानं आईचा वाटा मामाएवढा केला. आईला मामासारखं केलं नाही, मामाच्या गळ्यातही काही अडकवलं नाही.

पण कागदावर समान झालेल्या किती बहिणी नंतर हक्क सोडल्याच्या कागदावर सही करतात, तेही आपण सगळे जाणतो. कुणी जबरदस्ती करत नाही. भाऊबिजेला माहेर उरावं म्हणून करतात. यावर कुणीतरी कथा लिहायला हवी.

खाजन

कुळागर, ‘वाट्यावर की माणसावर’ हे मी लिहून ठेवलं.

फोंड्याचो

मीही. आमच्या घरात दोन बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या. इतकंच लिहितो.

मांडवीकाठ

शब्दाकडे परत येऊ, शनिवार जवळ आलाय. माझे पर्याय: ‘समभार आयुक्त’, ‘भारनिश्चिती संचालक’. सरकारी कागदावर शोभतील असे.

पाटो

‘महाभाराधिकारी’?

अबोली

मांडवीकाठ, ‘समभार आयुक्त’ अर्थाला जवळ आहे, पण ऐकताक्षणी कळत नाही. समोर बसणार्‍यांत आमच्या गावच्या दोन आज्या आहेत, त्यांना पद ऐकल्याबरोबर भीती वाटली पाहिजे. ‘महाभाराधिकारी’ ऐकून महाभारतच डोळ्यांपुढं येतं.

म्हापशेचो दुकानदार

मी इथं वाचतच असतो, लिहीत नाही. माझ्या बापाचं म्हापसा बाजारात भुसारी दुकान होतं. आम्ही लहान असताना सगळ्यांत जास्त घाबरायचो ते वजनमापवाल्या साहेबाला. तो आला की बाप सगळी वजनं फळीवर ओळीत मांडायचा. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन बरोबर करायला ते शिसं कमीजास्त करतात आणि त्याच शिशावर सरकारी शिक्का मारतात. शिक्का नसला की वजन जप्त.

तुमच्या कथेत पिशवीत शिशाचेच छर्रे आहेत असं वर वाचलं. म्हणून सुचलं. त्या बाईंना ‘वजनमाप महानिरीक्षक’ म्हणा. आज्यांना कळेल. बाजार सगळ्यांनी केलाय.

खाजन

वा! आणि इथं ती बाई मालाचं वजन तपासत नाही, माणसांनाच वजन करून शिक्का मारते. अबोलीताई, शोध संपला.

अबोली

खरंच संपला. पहिल्याच पानावर ते पद येतं, तिथं लिहूनही टाकलं. देव बरें करूं, दादा. एक विचारू का? बाबांचं शिक्क्याचं एखादं वजन अजून घरी असेल तर शनिवारी घेऊन याल? कथा सुरू करायच्या आधी मला ते सगळ्यांच्या हातात द्यायचंय.

म्हापशेचो दुकानदार

आहे. दोन किलोचं. घेऊन येतो.